अजून उशीर आहे

१

हुबळीत कोप्पीकर रोडच्या मागच्या गल्लीत आमचं दुकान आहे. सनई, सुंदरी, बँडवाल्यांच्या क्लॅरिनेट, जे तोंडाने फुंकून वाजतं ते सगळं माझ्याकडे येतं. आजोबा निपाणीकडून इकडे आले, वडिलांनी लेथ घेतली आणि मी तिच्यासमोर उभा राहून म्हातारा झालो. सकाळी शटर वर करायचं, उदबत्ती लावायची, लेथला तेल घालायचं आणि पहिलं गिऱ्हाईक आलं की भांडायला सुरुवात करायची, हा माझा दिनक्रम.

भांडण नेहमी एकाच गोष्टीवरून. गिऱ्हाईक म्हणतं, “पुंडलिकअण्णा, जुन्या खैराची करून द्या की. जुनं लाकूड गोड बोलतंय बघा.” माझं डोकं तिथेच फिरतं. लाकूड बोलत नाही हो! बोलते ती नळीतली हवा. क्लॅरिनेटची पोकळी वरपासून खालपर्यंत जवळजवळ सारखी, म्हणून तिचा खालचा सूर घुमतो. सनईची पोकळी निमुळती, ओठांत धरायच्या पत्तीपाशी अरुंद आणि खालच्या टोकाच्या प्याल्याकडे रुंद होत गेलेली, म्हणून तिचा सूर टोकदार. आत खरबरीत राहिलं तर सूर फाटतो, घोटून गुळगुळीत केलं तर मोकळा होतो. बाहेरून खैर असो, शिसवी असो, नाहीतर बोअरवेलच्या पाइपाचं प्लास्टिक असो, हवेला त्याचं काही सोयरसुतक नाही.

एकदा तर मी या तिन्ही प्रकारच्या सनया एकाच रीमरने, म्हणजे पोकळी कोरायच्या हत्याराने, कोरल्या, पडद्यामागून वाजवायला लावल्या आणि दुकानात जमलेल्या शहाण्यांना ओळखायला सांगितलं. एकालाही जमलं नाही. प्लास्टिकच्या सनईला एका म्हाताऱ्याने डोळे मिटून दाद दिली. तो किस्सा मी अजून येईल त्याला ऐकवतो.

हे आधीच सांगून ठेवतोय. पुढचं सगळं लाकडावर श्रद्धा असलेला माणूस सांगत नाहीये, एवढं ध्यानात असू द्या.

२

माझी मुलगी सावनी सनई वाजवते. आणि सावनीला लहानपणापासून दमा आहे. देवाने थट्टा करायची तर किती करावी! डॉक्टर नको म्हणाले, तिची आई श्यामला नको म्हणाली, मीही म्हणालो. पोरगी ओठांत पत्ती आणि खिशात पंप घेऊन बसायचीच. हात सुरेख, कान त्याहून सुरेख. पण आलाप रंगात आला की नेमका श्वास तुटायचा. धारवाड आकाशवाणीच्या ऑडिशनला एकदा त्यामुळेच नापास झाली. केशवापूरच्या घरी आली, जिन्यात बसली आणि म्हणाली, “अप्पा, मला सगळं येतंय. फक्त हवा पुरत नाही.”

त्या एका वाक्याने मला झोप लागेना. मी ठरवलं, हिच्यासाठी कमी दमात वाजणारी सनई करायची. पत्तीखालचा अरुंद भाग, ज्याला मी गळा म्हणतो, तो नेहमीपेक्षा बारीक ठेवायचा आणि आतून आरशासारखा घोटायचा. त्यासाठी अगदी घट्ट दाण्याचं, न तडकणारं लाकूड हवं होतं. म्हणून अळणावरला गेलो.

अळणावरला हणमंतमामांची लाकडाची वखार आहे. माझ्याहून बरेच मोठे, शब्दाला पक्के. शेडच्या कोपऱ्यात गोणपाटात गुंडाळलेला एक तुकडा दिसला. काळपट, हाताला जड. गोणपाट एका टोकाला ओलसर होतं. मी तुकडा उचलला, तसे मामा म्हणाले, “ते नको, अण्णा. इन्नू उसिर ऐत्री.”

मामा माझ्याशी बोलताना कानडीत मराठी शब्द मिसळतात, मी मराठीत कानडी. हुबळीकडे त्याचं कुणाला काही वाटत नाही. ‘इन्नू’ म्हणजे अजून, ‘ऐत्री’ म्हणजे आहे हो, आणि मधला शब्द आपलाच. अजून उशीर आहे. लाकूड ओलं आहे, वाळलं नाही. बरोबरच होतं त्यांचं, ओलं लाकूड कोरलं की तडकतं.

“हरकत नाही मामा,” मी म्हणालो. “मी थांबतो की.”

मामांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. “थांबता नव्हं? मग न्या.”

आणि मी थांबलो. चांगले दोन पावसाळे तो तुकडा दुकानाच्या माळ्यावर ठेवला.

३

लाकूड कोरायला घेतलं तेव्हा ते खडखडीत वाळलेलं होतं. भुसा कोरडा पडत होता, ठोकलं तर टणक आवाज येत होता. आरपार भोक पाडलं, रीमर घातला, गळा बारीक ठेवला. मग माप बघायला पितळेची कांडी आत सरकवली. पोकळी कुठे किती रुंद झाली ते अशा कांड्यांवरून कळतं.

कांडी बाहेर काढली तर ती धुरकटलेली होती. थंडीत आरशावर तोंडाने ‘हाऽ’ केलं की आरसा जसा होतो, तशी.

मी ती फडक्याने पुसली आणि पुन्हा आत घातली. पुन्हा धुरकट. मनात पाल चुकचुकली, पण मी स्वतःलाच झापलं. अरे, रीमर फिरून लाकूड तापलंय, आतला उरलासुरला ओलावा निघतोय, पितळ गार आहे. त्यात काय मोठंसं? लेथ बंद करून चहा प्यायला गेलो. लाकूड निवलं, लेथ निवली, माझं वर्तमानपत्रही वाचून झालं. परत कांडी घातली. धुरकट.

दोन पावसाळे पुरले नसतील, असं म्हणून मी तेलाचा हात दिला, भोकं पाडली, प्याला बसवला. त्यानंतरही दरवेळी कांडी धुरकटच निघाली. शेवटी मी ती तपासणंच सोडून दिलं.

४

सावनीने पहिल्यांदा फुंकर घातली आणि मी माझ्या मोठेपणाने फुगलो. असा सूर मी कधी कोरला नव्हता. सनईचा टोकदारपणा होता, पण टोचत नव्हता. ती हसत म्हणाली, “अप्पा, हिला काहीच लागत नाही हो. नुसतं ओठ लावलं की झालं.”

तिची खोली स्वयंपाकघराच्या वर आहे. सकाळी रियाझ सुरू झाला की खाली डाळ-तांदूळ शिजत असतात. एकदा तिने षड्ज लावला तेव्हा श्यामला कुकर गॅसवर चढवत होती. शिट्ट्या झाल्या, गॅस बंद झाला, वाफ जिरली, झाकण निघालं, श्यामलाने वरणाला फोडणी दिली. षड्ज चालूच होता.

“किती सुधारली बघा पोरगी,” श्यामला म्हणाली. “पंपाला तर किती दिवसांत हात लावला नाही. सिद्धारूढ मठात नारळ देऊन येते.”

मी मात्र कान देऊन ऐकत होतो. न तोडता सूर लांबवायची युक्ती मुरलेल्या सनईवाल्यांना येते. गाल हवेने भरून ठेवायचे आणि तेवढ्यात नाकाने श्वास ओढून घ्यायचा. त्यात गाल फुगतात, नाकाचा बारीकसा आवाज येतो. मी जिना चढून तिच्या दाराशी उभा राहिलो. सावनीचे गाल सपाट होते. नाकपुडी हलत नव्हती. डोळे मिटलेले, चेहरा शांत, आणि छाती, आता कसं सांगू, छाती जागच्या जागी होती.

मग तिने डोळे उघडले, मला पाहिलं, सनई बाजूला काढली आणि मोठ्याने श्वास घेतला. मला दाखवण्यासाठी घेतल्यासारखा.

“काय अप्पा?”

“काही नाही. चालू दे,” मी म्हणालो.

५

आकाशवाणीची ऑडिशन ती पुन्हा देणार होती, आणि तिला थोडेच दिवस उरले होते. मी दुकानात लक्ष घालायचा प्रयत्न केला, पण जमेना. आणि मग तिने तो खालचा सूर लावला.

हे नीट समजून घ्या. नळीची लांबी आणि आतला आकार, यावर तिचा सगळ्यात खालचा सूर ठरतो. सगळी भोकं बोटांनी झाकली की तो सूर येतो. त्याच्याखाली काही नाही. ओठ सैल करून सूर थोडा उतरवता येतो, पण किंचित. सावनी मात्र तिथून सरळ खाली उतरली, जिन्याच्या पायऱ्या उतराव्यात तशी, आणि फार खोल एका सुरावर जाऊन थांबली. खिडकीच्या काचा थरथरल्या. मी कोरलेल्या सनईतून तो सूर निघणं शक्य नव्हतं. मीच ती कोरली होती!

तंबोऱ्याच्या ॲपवर मी तो सूर पडताळला. मग आडाखा बांधला. असा सूर हवा तर पोकळी किती लांब लागेल? सनईच्या लांबीच्या पुढे बरीच. म्हणजे हवा सनईच्या टोकाशी संपत नव्हती, पुढे अजून कुठेतरी जात होती. प्याल्याकडे मोकळी हवाच आहे, तिकडे तर जाणार नाही. राहिली दुसरी बाजू, पत्तीकडची.

पत्तीच्या पलीकडे सावनीचे ओठ होते. ओठांच्या आत गळा, आणि गळ्याच्या खाली छाती. सनई, गळा आणि छाती मिळून लांबी बरोबर जुळत होती.

मी आडाख्याचा कागद फाडून टाकला आणि स्वतःशी म्हणालो, पुंडलिका, म्हातारचळ लागला तुला.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर सावनी आडवी झाली. घर शांत होतं. रस्त्यावर भाजीवाल्याची हाक, बाकी काही नाही. सनई तिच्या उशाशी फडताळात होती. मी कांडी बरोबर आणली होती. नुसतं माप घेऊ, गळ्याचं लाकूड फुगलंय का आटलंय ते बघू, एवढाच विचार.

पत्ती काढून ठेवली आणि कांडी सनईच्या गळ्यात घातली. ती अर्ध्यावर अडकली. मी जोर लावणार, तोच ती सुटली आणि आत ओढली गेली. बोटभर. मग हळूच परत बाहेर ढकलली गेली. मग पुन्हा आत.

मी हात काढून घेतला. कांडीला कुणी धरलेलं नव्हतं. ती आत जात होती, बाहेर येत होती, सावकाश. गाढ झोपलेल्या माणसाच्या पोटावर ठेवलेला चमचा वर-खाली व्हावा तशी.

मी सावनीकडे पाहिलं. ती कुशीवर झोपली होती. मी तिच्या नाकाशी बोट धरलं आणि वाट बघत राहिलो. फडताळात कांडी कितीदा तरी आत-बाहेर झाली. माझ्या बोटाला काहीच लागलं नाही.

मग ती झोपेत हसली आणि कूस बदलली.

७

सकाळी सावनी आंघोळीला गेली तेव्हा मी सनई पिशवीत घातली आणि न सांगता घर सोडलं. पहिल्या गाडीने अळणावर गाठलं. हणमंतमामा शेडमध्ये होते. मी पिशवीतून सनई काढली, तसे ते दोन पावलं मागे सरकले.

“कोरलंत?”

“तुम्हीच म्हणालात ना, उशीर आहे? थांबलो की मी. दोन पावसाळे थांबलो!”

“उशीर?” मामा माझ्याकडे बघतच राहिले. “उशीर अल्लरी, अण्णा.” त्यांनी स्वतःचा पालथा हात नाकाखाली धरला. “उसिरु. उसिरु अंतीनी.”

उशीर नव्हे, उसिरु म्हणतोय मी, असं ते सांगत होते. कानडीतला साधा शब्द. लहानपणापासून गल्लीत ऐकलेला, बोललेला. उसिरु म्हणजे श्वास. त्या दिवशी मामा म्हणाले होते, अजून श्वास आहे.

“मग दिलंत कशाला?” मी ओरडलो.

“तुम्ही म्हटलंत, थांबतो. मला वाटलं, समजलं तुम्हाला. थांबलं की जातोय तो आपोआप.” मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, “गेला का नाही, बघितला नाहीत काय?”

मी बघितलं होतं. कांडी धुरकट निघाली होती आणि मी चहा प्यायला गेलो होतो.

“तोंड कुणी लावलं हिला?”

“माझ्या मुलीने.”

मामांनी खांद्यावरचा टॉवेल काढून तोंड पुसलं. “बिडसब्याडरी,” एवढंच म्हणाले. मुलीपासून ती सोडवू नका. मी कितीही विचारलं तरी पुढे एक शब्द नाही. लाकूड कुठलं, कुठून आलं, काही नाही. तेवढ्यात माझा फोन वाजला.

“अहो, कुठे आहात?” श्यामला रडत होती. “सावनीला श्वास लागलाय. पंप दिला, परत दिला, काही उपयोग होईना. ओठ निळे पडलेत. रिक्षा बोलावलीय. सारखी तुमचं नाव घेतेय, सनई कुठे म्हणून विचारतेय!”

८

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसलो होतो, मांडीवर पिशवी. झाडं मागे जात होती आणि गाडी प्रत्येक सिग्नलला थांबत होती. पिशवीतून येणारी ऊब मला धोतरातून जाणवत होती. मग हळूहळू ती ऊब कमी होऊ लागली.

मी पिशवीतली कांडी काढून सनईच्या गळ्यात घातली. जेमतेम हलली.

त्या क्षणी माझं शहाणपण, माझा पडदा, माझी प्लास्टिकची सनई, सगळं गळून पडलं. मी पत्ती बसवली आणि भरल्या डब्यात सनई तोंडाला लावली. समोरच्या बाईने विचारलं, “लगीन आहे काय हो कुणाचं?” मी फुंकलं. खरं तर फुंकावं लागलंच नाही. ओठ लागले आणि माझ्या छातीतून काहीतरी सरसर वर ओढलं गेलं, विहिरीचा दोर कुणीतरी पलीकडून ओढावा तसं. तो खोल सूर लागला. एक लहान मूल रडायला लागलं.

धारवाड गेलं, नवलूर गेलं. माझ्या डोळ्यांपुढे अंधारी येत होती तरी मी सनई सोडली नाही. हुबळीच्या अलीकडे फोन वाजला. मी सूर चालू ठेवूनच एका हाताने तो कानाशी धरला. सूर कसा चालू राहिला ते मला विचारू नका.

“बरी आहे हो!” श्यामला म्हणाली. “एकदम उठून बसली. डॉक्टरांना काही कळेना. चहा मागतेय.”

माझ्या जिवात जीव आला. असं म्हणायची पद्धत आहे.

९

सावनी ऑडिशन पास झाली. परीक्षकांनी तिच्या दमसासाचं कौतुक केलं. आता तिला धारवाड-बेळगावकडून बोलावणी येतात. श्यामला खूश आहे. मला हल्ली जिना चढताना धाप लागते, त्यावर ती म्हणते, वय झालं तुमचं, दुकान बंद करा.

दुकान मी बंद करू शकत नाही. सावनीची ती सनई समोर ठेवून मी तशाच सनया कोरतोय. तोच रीमर, तोच गळा, केसाइतकाही फरक नाही. एक खैराची, एक शिसवीची, एक त्याच काळ्या तुकड्यातून उरलेल्या लाकडाची. सावनी सगळ्या वाजवून बघते. पडद्यामागून वाजवल्या तर कुणालाही फरक सांगता येणार नाही. सूर लाकडात नसतो हे मी जन्मभर ओरडून सांगितलं, ते अगदी खरं निघालं. फक्त तो खालचा सूर त्यांतून येत नाही. आणि कांडी घातली की ती जिथल्या तिथे राहते.

थंडीत आमच्याकडे सुकं वारं सुटतं. परवा त्या सनईच्या गळ्यापाशी एक रेघ दिसली. नखाला लागेल न लागेल इतकी. मेण भरलं, वरून रेशमाचा दोरा गुंडाळला. पण मी या धंद्यात मुरलेला माणूस आहे. लाकडाला पडलेली चीर भरून येत नाही. ती पुढेच जाते. दोन पावसाळ्यांत जे वाळलं नाही, ते आता वाळायला लागलंय.

सावनीला मी काही बोललो नाही. पण ती माझीच मुलगी आहे. रोज सकाळी रियाझाआधी ती सनई माझ्या हातात देते आणि समोर बसते. मी कांडी घालतो. आम्ही दोघं बघत राहतो. आज कांडी हलायला बराच वेळ लागला. खाली श्यामला कुकर लावत होती.

“अप्पा,” सावनी हळूच म्हणाली, “अजून आहे नव्हं?”

कांडी इतकीशी आत गेली, आणि थांबली, आणि मग परत आली.

“इन्नू उसिर ऐती, बाळ,” मी म्हणालो.